नॅक्सोस (ग्रीस), आई-बाबांसोबत ५ रात्री: आमचा अनुभव

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी, आई (वय ६६) आणि बाबा (७२) असे तिघं ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर राहून आलो. जायच्या आधी मराठीत माहिती शोधली तर सगळीकडे सांतोरिनीच, म्हणून हे लिहितेय. सुरुवात राहण्याच्या जागेचा रिव्ह्यू म्हणून केली होती पण बोट, जेवण आणि वारा सोडून त्या जागेबद्दल बोलताच येत नाही.

आधी नॅक्सोसच का ते सांगते. एका टूर कंपनीने मला ७ दिवसांत अथेन्स, मिकोनोस, सांतोरिनी, परत अथेन्स असा प्लॅन दिला होता, म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा भरा, बंदरावर जा, उन्हात बोटीची वाट बघा. बाबांचा उजवा गुडघा दुखतो आणि सांतोरिनीची ती फोटोतली गावं कड्यावर आहेत, सगळ्या पायऱ्याच. वर क्रूझची गर्दी, इतकी की २०२५ च्या जुलैपासून ऐन सीझनमध्ये तिथे आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर माणशी २० युरो कर लावलाय. मला आई-बाबांना पळवायचं नव्हतं, बसवायचं होतं. नॅक्सोस हे सायक्लाडीझ बेटांमधलं सगळ्यात मोठं, साधारण ४३० चौरस किलोमीटर, मध्ये हजार मीटरचा डोंगर, स्वतःची शेती, गुरं, चीज. पर्यटक आले नाहीत तरी चुली पेटतील असं बेट आहे. एकच बेट, एकच खोली, हे ठरवलं आणि बाकी सगळं सोपं झालं, अगदी व्हिसासुद्धा, कारण फॉर्मसोबत जोडायचा प्रवासाचा कार्यक्रम चार ओळींत संपला. (शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, त्याची फी मोठ्यांना ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, तो लवकरच करा.)

अथेन्स विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाईन २०२२ पासून थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, एक तास लागतो, टॅक्सीची गरज नाही. आम्ही आदल्या रात्री पिरेअसलाच राहिलो कारण सकाळी साडेसातची बोट होती. मुद्दाम ब्लू स्टार कंपनीची मोठी बोट घेतली, पाच-साडेपाच तास लागतात. हाय-स्पीड बोटी लवकर पोचवतात पण त्या महाग आणि लाटांवर जास्त हलतात, आईला बस लागते तर ती काय लागली असती विचार करा. मोठ्या बोटीत सरकते जिने आहेत, सोफे आहेत, आई डेकवर बसून चक्क विणत होती. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर रॅकमध्ये ठेवायच्या असतात, बेटाच्या नावाचा बोर्ड बघून, आणि बोट बंदरात थोडाच वेळ थांबते. अनाउन्समेंट झाली की लगेच खाली उतरायला लागा, वयस्कर माणसं सोबत असतील तर त्याच्याही आधी.

आता खोली. गाव म्हणजे होरा, तिथल्या आगिओस गेओर्गिओस बीचच्या मागच्या गल्लीत, बंदरापासून चालत पंधरा मिनिटं. अशा घरगुती भाड्याच्या खोल्यांना तिकडे दोमातिया म्हणतात. पाचच खोल्या आणि वर मालकीणबाई स्वतः राहतात. नाव टाकत नाहीये, कारण मला सांगायचंय ते अशा प्रकारच्या जागेबद्दल. तीन पलंग, छोटंसं किचन, बाहेर द्राक्षाच्या वेलाखाली टेबल, रात्रीचे ८५ युरो. सरकारी टॅक्स रात्रीप्रमाणे वेगळा, तो तिथे गेल्यावर द्यायचा असतो, बुकिंगच्या रकमेत धरलेला नव्हता.

मी मेलमध्ये लिहिलं होतं की बाबांना जिना नको, तर तळमजल्याची खोली राखून ठेवली होती आणि बाथरूमच्या दारात एक जाड रबरी मॅट टाकून ठेवली होती. मी मॅट मागितली नव्हती. बाथरूम खरंच लहान आहे, आंघोळ केली की सगळीकडे पाणी, धरायला दांडी नाही. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि बाईंना मी ती तोंडावर सांगितली, त्यांनी वहीत लिहून घेतली. दुसरं म्हणजे रात्री बारापर्यंत स्कूटरचे आवाज येतात. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, हे ग्रीसमध्ये जवळपास सगळीकडेच आहे कारण पाइप अरुंद असतात. प्यायला आम्ही बाटलीचंच पाणी घेतलं.

किचन असलेली खोली घ्या हे मी दहा वेळा सांगेन. भाजणी आणि गोडा मसाला नेला होता. (तूप नेलं नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे.) पहिल्याच संध्याकाळी बाईंनी टोपलीभर बटाटे आणून दिले, नॅक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे, आणि आईने त्याची सुकी भाजी केली, कांदा आणि मिरची घालून. बाईंनी वाटीभर खाल्ली, मग वर जाऊन ग्रॅव्हिएरा चीजचा मोठा तुकडा घेऊन आल्या. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई त्यांना किरीया म्हणायला लागली, म्हणजे आपल्याकडच्या बाईंसारखं, आणि रोज सकाळी दोघी वेलाखाली बसून शेंगा नाहीतर काहीतरी निवडत असायच्या.

शाकाहारी लोकांनी काळजी करू नका, पण शब्द माहिती हवेत. नीस्तिसिमो म्हणजे उपवासाचं, त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासात मांस, अंडी, दूध काही चालत नाही, त्यामुळे हा शब्द वापरून विचारलं की वेटरला लगेच कळतं. मासेवाल्या काही गोष्टी, म्हणजे कोळंबी, कालवं वगैरे, त्यांच्या उपवासाला चालतात, त्यामुळे तेवढं परत विचारायचं. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढबू मिरच्या, यिगांदेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, ब्रियाम म्हणजे भाज्या तेलात भाजून. गेमिस्तात कधी खिमा असतो, विचारूनच घ्या. टेबलावर न मागता पाव येतो आणि त्याचे पैसे लागतात. शेवटी फुकट काहीतरी गोड येतं, ते बहुतेक ठिकाणी येतंच. तिकडचे लोक रात्री नऊनंतर जेवतात, आम्ही सातला जायचो, टेबल रिकामी आणि आचारी निवांत.

एक दिवस गाडी घेतली (भारतातून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, आरटीओत मिळतं). बसनेही जाता येतं, बस बंदराजवळूनच सुटते, पण डोंगरातल्या गावांना फेऱ्या कमी. हाल्की गावात कित्रोनची जुनी भट्टी आहे, १८९६ पासूनची. कित्रोन हे तिकडचं गोड मद्य, सिट्रॉनच्या पानांपासून करतात. तिथे ठेवलेलं फळ बघून आई थबकली आणि म्हणाली, अगं हे तर महाळुंग, अंबाबाईच्या हातातलं! आई कोल्हापूरची. तिने ते फळ दोन्ही हातांत धरून वास घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. दारू तिने चाखली नाही, बाबांनी चाखली.

पुढे आपिरांथोस, संगमरवरी फरशांच्या गल्ल्यांचं गाव. या भागात एमरीच्या खाणी होत्या. बाबा ३२ वर्षं पिंपरीच्या एका वर्कशॉपमध्ये होते, एमरी पेपर, म्हणजे धातू घासायचा कागद, रोज हातात. पण एमरी हा डोंगरातून निघणारा दगड आहे आणि तो जगभर इथून जायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. काळा, लहान दिसतो पण उचलला की जड. खाणीतून मुत्सुना बंदरापर्यंत माल न्यायला १९२० च्या दशकात हवेतून रोपवे बांधला होता, त्याचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत. बाबांनी गाडी तीनदा थांबवायला लावली. गुडघ्याचं नाव काढलं नाही त्या दिवशी. पोर्तारा, म्हणजे बंदराशेजारचा अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा तो मोठा संगमरवरी दरवाजा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, तोही बघितला, सूर्यास्ताला बघा, सुंदरच आहे. पण आमच्या घरात अजून बोलणं होतं ते एमरीचं.

आता वारा, आणि हे नीट वाचा कारण प्लॅनिंगमध्ये हेच राहून जातं. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त, पण सप्टेंबरमध्येही येतो. जोर वाढला की बोटी बंद, आधी हाय-स्पीड आणि मग मोठ्या. आमचं बुकिंग ६ रात्रींचं होतं, शनिवारी परतायचं आणि रविवारी दुपारी विमान. गुरुवारी संध्याकाळी किरीया खाली आल्या, मोबाईलवर हवामान दाखवलं आणि बोटांवर मोजून म्हणाल्या, सव्वातो, ओक्तो बोफोर. शनिवारी ८ बोफर्ट, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापावर ८. बाहेर तर पानही हलत नव्हतं. मला एक रात्र सोडायची नव्हती, पैसे भरलेले, आई पण हळहळली, पण बाबा म्हणाले ती इथे आयुष्यभर राहिलीये, तिचं ऐकायचं. रात्रीच तिकिटं शुक्रवारची करून घेतली. सहाव्या रात्रीचे पैसे बाईंनी मी काही म्हणायच्या आत रोख परत दिले, ८५ युरो, आणि सोबत कागदात गुंडाळलेले बटाटे.

शनिवारी अथेन्सच्या हॉटेलात बसलो होतो तेव्हा त्यांनी बंदराचा फोटो पाठवला, पांढऱ्या लाटा धक्क्यावरून येतायत आणि एकही बोट नाही. आईने त्यांना उत्तर म्हणून बटाट्यांचा फोटो पाठवला, हॉटेलच्या खिडकीत ओळीने मांडलेले. आपल्याकडे आणता येणार नाहीत म्हणून रविवारी सकाळी ते तिने हॉटेलात झाडलोट करणाऱ्या बाईंना देऊन टाकले.