सीएनसी मशीन मॉनिटरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन किती चाललं आणि किती जॉब निघाले, हे आपोआप नोंदवायची ही यंत्रणा. सहा टर्निंग सेंटर म्हणजे सीएनसी लेथ (त्यातली दोन जुनी), चार एनर्जी मीटर आणि त्या सगळ्यांची माहिती गोळा करणारा एक गेटवे, एवढाच पसारा. डॅशबोर्ड पहिल्याच दिवशी सुरू होतो. त्यावरचे आकडे खरे व्हायला दोन महिने लागतात.

पहिला घोळ पार्ट काउंटचा. फानुक कंट्रोलरवर काउंटर सहसा एम३० ला, म्हणजे प्रोग्राम संपवणाऱ्या कोडला वाढतो. बार फीडरचा (मशीनला आपोआप सळई पुरवणारा) प्रोग्राम एम९९ वर, म्हणजे पुन्हा सुरुवातीला नेणाऱ्या कोडवर फिरत राहतो, एम३० येतच नाही. मशीन पाळीभर चालतं आणि स्क्रीनवर उत्पादन शून्य! पॅरामीटर ६७१० मध्ये वेगळा एम-कोड टाकून तोच एम९९ च्या आधीच्या ओळीत लिहायचा. कोड लॅडरला (मशीनच्या आतल्या पीएलसी प्रोग्रामला) ओळखीचा हवा, नाहीतर मशीन तिथेच अडकतं.

जुन्या मशीनना इथरनेट नाही, म्हणून चालू-बंद बाहेरून ओळखावं लागतं. त्यासाठी मेन इनकमरवर (मशीनला येणाऱ्या मुख्य वायरवर) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, लावू नका. हायड्रॉलिक पंपाचा करंटही त्यात येतो आणि उभं मशीन चालू दिसतं. टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्याचा २४ व्होल्टचा सिग्नल ऑप्टोकपलरमधून (दोन सर्किट विजेने वेगळी ठेवून सिग्नल पुढे देणाऱ्या भागातून) घेतलेला बरा. फीड होल्डमध्ये (ऑपरेटरने कटिंग मध्येच थांबवल्यावर) तो दिवा विझतो का, तेवढं आधी पाहून घ्या.

मीटरची आरएस-४८५ (रीडिंग गेटवेपर्यंत नेणारी) वायर एकातून दुसऱ्यात अशीच न्यायची, फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शील्डला अर्थ एकाच बाजूला. हे चुकलं की मोटरचा ड्राइव्ह सुरू होताच रीडिंग गायब. नव्या मीटरचा पत्ता बहुधा १ च असतो, तोही बदला.

आता ओईई, म्हणजे मशीन किती वेळ चाललं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. पाळीचे ४५० मिनिटं, मशीन चाललं ३४२, जॉब १०५, त्यातले चांगले १०२. सायकल टाइम (एका जॉबची ठरलेली वेळ) ३ मिनिटं धरला तर ओईई ६८ टक्के. मास्टरमध्ये (सायकल टाइमच्या यादीत) कुणी सैल हाताने साडेतीन भरला की तीच पाळी ७९ टक्के दाखवते, मालकही खूश. पण परफॉर्मन्सचा (वेगाचा) रकाना उघडा: १०७ टक्के. शंभराच्या वर गेला की ऑपरेटरची पाठ थोपटण्याआधी स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभं राहायचं.

थांबण्याची कारणं टॅबलेटवर बावीस दिली होती. कुलंटने माखलेल्या हातमोज्यांनी यादी कोण सरकवणार? सगळा डाउनटाइम पहिल्या ओळीत, 'टूल चेंज'मध्ये जमा झाला. त्याऐवजी सहा मोठी पुश बटणं लावली: सेटिंग, टूल, मटेरियल नाही, तपासणी, मेंटेनन्स, वीज. दोन मिनिटांच्या आतल्या थांब्याला कारण विचारायचं नाही. 'मटेरियल नाही' किती वेळा दाबलं जातं, ते त्यानंतरच दिसू लागलं.