राजपत्रातून आडनाव बदल: सेवा ठीक, पण जात लपवायला कुचकामी

जातीचा अंदाज येऊ नये म्हणून मूळ आडनाव सोडून गावाच्या नावाला 'कर' जोडणे ही महाराष्ट्रातली जुनी वाट. कायदेशीर मार्ग म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाची सूचना. अर्ज ऑनलाइन होतो. जुने नाव, नवे नाव, कारण, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, फोटो, सही एवढे लागते. एजंटची खरोखर गरज नाही.

चुका बहुतेक स्पेलिंगमध्ये होतात. जुने नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर टाका. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर असेल तर पुढे बँक अडवते. राजपत्रात सूचना छापल्यावर आधी आधार, मग पॅन, मग बँक असा क्रम ठेवा. आधारवर नाव आयुष्यात साधारण दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाई नको.

आता मुख्य अडचण. सूचनेत जुने आणि नवे नाव शेजारी-शेजारी छापतात, तेही कुणीही वाचू शकेल अशा सरकारी पत्रकात! दहावीची गुणपत्रिका सहसा जुन्याच नावाची राहते. जातीचा दाखला आणि पडताळणीसाठी वडील-आजोबांचे कागद लागतात, तेही जुन्याच आडनावाचे. म्हणजे सवलत घ्यायची तर प्रत्येक वेळी राजपत्राची प्रत जोडून दोन्ही आडनावे स्वतःच उघड करायची. घरमालक किंवा सहकाऱ्यांपुरता आडोसा मिळतो. नोकरीतल्या कागदपत्र तपासणीत मात्र नाही.