शेकडो खात्यांचे पासवर्ड एका दमात: कोणती कमांड घ्यावी?

प्रवेश आटोपले की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत लॅब सांभाळणाऱ्यापुढे हे काम येतंच: लिनक्स सर्व्हरवर सगळ्या विद्यार्थ्यांची खाती आणि पासवर्ड. स्क्रिप्ट लिहायची हे नक्की. ती कोणत्या कमांडवर उभी करायची, एवढंच ठरवायचं.

एक्सपेक्ट नको. ते स्क्रीनवरचा प्रश्न वाचून उत्तर टाइप करतं; प्रश्नाचे शब्द बदलले की अडकतं. पासवर्ड बदलणाऱ्या पासडब्ल्यूडी कमांडचा 'एसटीडीइन' पर्याय (पासवर्ड हाताने टाइप न करता स्क्रिप्टमधून पुरवायचा) रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर चालतो, पण उबंटू-डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत तो नाहीच. खात्यात फेरबदल करणाऱ्या यूजरमॉडच्या 'पी' पर्यायाला हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप) द्यावा लागतो. साधा पासवर्ड दिलात तर तो तसाच हॅश साठवणाऱ्या शॅडो फाइलमध्ये बसतो आणि लॉगिन होत नाही. शिवाय कमांडच्या ओळीत लिहिलेलं पीएस (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्याला दिसू शकतं.

खरी निवड सीएचपासडब्ल्यूडी आणि न्यूयूजर्स या यादीवरून काम करणाऱ्या दोन कमांडमध्ये आहे. न्यूयूजर्स खातं आणि पासवर्ड एकदमच करतं, पण प्रत्येक ओळीत कोलनने तोडलेले सात रकाने लागतात, त्यामुळे पासवर्डात कोलन चालत नाही. सीएचपासडब्ल्यूडीला फक्त नाव, कोलन, पासवर्ड पुरतं. मात्र खाती आधी यूजरअ‍ॅडने उघडलेली हवीत. माझा कौल यालाच. गडबड झाली तर कुठल्या पायरीवर झाली ते कळतं, आणि ज्यांची खाती आधीच आहेत त्यांनाही हेच चालतं.

एक्सेलमधून आलेल्या यादीत ओळीच्या शेवटी विंडोजचं अदृश्य चिन्ह असतं. ते पासवर्डला चिकटलं तर अचूक टाइप करूनही लॉगिन होत नाही, म्हणून आधी ते चिन्ह काढणारं डॉसटूयुनिक्स चालवा. लॉगिन नाव रोल नंबरवरून ठेवा. आपल्याकडे एकेका वर्गात पाटील, महाजन, चौधरी किती निघतात ते ठाऊकच आहे.

मशीन बरीच असतील तरच अनेक मशीनवर एकदम काम करणारं अ‍ॅन्सिबल. त्यालाही हॅशच हवा, आणि 'अपडेट पासवर्ड'ला 'ऑन क्रिएट' (फक्त खातं नव्याने उघडतानाच) द्यायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी प्लेबुक (त्याची कामांची फाइल) चालवताच मुलांनी स्वतः बदललेले पासवर्ड पुसले जातील.

सगळ्यांना एकच पासवर्ड मात्र देऊ नका. पासवर्डची मुदत ठरवणाऱ्या चेज कमांडने पहिल्या लॉगिनला बदल सक्तीचा केला तरी आधी जो घुसेल त्याचंच ते खातं होतं. ओपनएसएसएल या साधनाने प्रत्येकाला वेगळा काढा, फाइल ६०० परवानगीत (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, काम झालं की पुसा. यादी नोटीस बोर्डावर न लावता ज्याची त्याला चिठ्ठी द्या.