सचखंड एक्स्प्रेस : प्रवासाला निघताना रिकामे ताट बरोबर घ्या

हुजूर साहिब नांदेड स्थानकावरून सकाळी साडेनऊच्या सुमारास सुटणारी सचखंड एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोचते. अंतर दोन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक आणि प्रवास साधारण ३५ तासांचा. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांना ही गाडी 'दिल्लीची गाडी' म्हणून ठाऊक आहे, कारण शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लष्करात भरती झालेल्या मुलांना सोडायला आपण याच गाडीवर जातो. परंतु मी येथे लिहिणार आहे ते या गाडीच्या डब्यांविषयी किंवा वेळापत्रकाविषयी नाही. वाटेतल्या काही स्थानकांवर शीख सेवादार, म्हणजे स्वेच्छेने सेवा करणारी माणसे, या गाडीतल्या प्रवाशांना विनामूल्य जेवण वाढतात. हा लंगर अनेक वर्षे चालू आहे आणि तिकीट कोणत्या वर्गाचे, प्रवासी कोणत्या धर्माचा, याची चौकशी तिथे होत नाही. गेल्या वर्षी आईला घेऊन मी जाऊन-येऊन हा प्रवास केला, त्यानंतर एकदा फलाटावर उभी राहून स्वतः वाढलेही. म्हणून दोन्ही बाजूंनी जे दिसले ते सविस्तर लिहीत आहे.

आई ७४ वर्षांची, माळकरी. दोन दिवसांचा प्रवास म्हणून तिने आदल्या रात्री धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. या गाडीत जेवण मिळते हे मी तिला सांगितले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मिळतं म्हणजे? कुणाचं? आपण कशाला घ्यायचं?" परभणी आणि जालना मागे पडले तसे डब्यातले नेहमीचे प्रवासी पिशव्यांतून स्टीलची ताटे, डबे, झाकणे काढून मांडीवर घेऊन बसू लागले. समोरच्या बाकावरच्या एका फौजी मुलाने तर घरून खास मोठा, कडीचा डबा आणला होता आणि तो त्याने रुमालाने पुसून तयार ठेवला होता.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, गाडी दुपारी जेवणाच्या वेळी लागते. गाडी पुरती थांबायच्या आतच सेवादार डब्यांबरोबर चालू लागले होते. पुरुषांच्या डोक्यावर पगड्या किंवा बांधलेले रुमाल, स्त्रियांच्या डोक्यावर ओढण्या, प्रत्येकाच्या हातात बादली, परात किंवा पोळ्यांची टोपली. आमच्या खिडकीशी साठीच्या घरातल्या एक बाई आल्या. त्यांच्या हातात वरणाची बादली होती आणि त्यांचे मराठी माझ्याइतकेच मराठवाड्याचे होते. नांदेड परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले दखनी शीख मराठी सहज बोलतात, हे तिकडच्या माणसाला नवे नाही. मी डबा पुढे केला. आई मात्र हात मांडीवरच ठेवून म्हणाली, "आम्हाला पोटापुरतं देवानं दिलंय, बाई. गरजवंताला वाढा."

त्या बाई क्षणभरही थबकल्या नाहीत. ओगराळे बादलीतच ठेवून त्या म्हणाल्या, "माउली, गरजवंत कोण ते आम्ही कसं ओळखणार? गाडीत बसलेला प्रत्येक जण आमचा पाहुणा आहे. ताट काढा, गाडी सुटंल." आईने दशम्यांच्या डब्याचे झाकण उलटे करून पुढे धरले. त्यात दोन ओगराळी डाळ पडली, मागून आलेल्या मुलाने फ्लॉवर-बटाट्याची भाजी वाढली आणि तिसऱ्याने पोळी दिली. गुरुघरात, म्हणजे गुरुद्वारात, पोळीला 'परशादा' म्हणतात. ती ताटात टाकत नाहीत, घेणारा दोन्ही हात पुढे करतो आणि त्या ओंजळीत ती ठेवली जाते. आईला हे कुणी सांगितलेले नव्हते, तरी तिचे हात आपोआप तसेच जुळले, कारण देवळातला प्रसाद ती आयुष्यभर तसाच घेत आली आहे.

जेवणाविषयी सांगायचे तर डाळ घट्ट, मंद आचेवर बराच वेळ शिजलेली, आपल्या हाताच्या मानाने तिखट कमी आणि इतकी कढत होती की झाकणाची कड धरवेना. भाजीत आल्याचा स्वाद चांगला उतरला होता. पोळ्या जाडसर, पण मऊ होत्या. लग्नाच्या पंगतीतल्या स्वयंपाकाला जशी घाईची चव येते तशी याला आलेली नव्हती, आणि रोजच्या रोज एवढ्या माणसांसाठी शिजवणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोठी वाटते. परतीच्या प्रवासात दिल्लीला कढी-भात मिळाला. तो मला डाळीपेक्षाही अधिक आवडला.

या सेवेच्या मुळाशी असलेला विचार समजून घेतला तर तिच्याकडे फुकटचे जेवण म्हणून पाहताच येत नाही. गुरू नानकांनी रुजवलेली लंगराची प्रथा दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांनी आपल्या हातांनी वाढवली. गुरु ग्रंथसाहिबात त्यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि तुपातल्या खिरीचाही आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी तर आधी पंगत आणि मग संगत, म्हणजे गुरूंभोवतीची भाविकांची सभा, असा दंडकच घातला : भेटीला येणाऱ्याने, तो कितीही थोर असो, प्रथम सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. लंगराचा खर्च भागतो तो संगतीच्या दानातून, आणि उत्पन्नाचा दहावा भाग लोकांसाठी काढून ठेवण्याची 'दसवंध' ही शिकवण त्यामागे आहे. नांदेडला या परंपरेत आगळे स्थान आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये येथेच देह ठेवला आणि आपल्यानंतर गुरुपद ग्रंथाकडे राहील असे सांगितले. महाराजा रणजितसिंगांनी पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी येथील गुरुद्वारा बांधवला. त्यामुळे ही गाडी म्हणजे शिखांच्या दोन पवित्र नगरांना जोडणारी वाट आहे आणि त्या वाटेवरच्या गावांतील संगतीने प्रवाशांना उपाशी न ठेवण्याचे काम आपले मानले आहे.

आपल्यासाठी या वाटेला आणखी एक अर्थ आहे. नांदेडपासून फार दूर नसलेले हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा काळ ज्या घुमानमध्ये गेला ते गाव पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांना हा धागा नव्याने समजला. आईला मी हे सारे गाडीत सांगितले. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे नामदेवराय चालत गेले त्या वाटेनं आपण बसून चाललोय, आणि वर जेवतोय." त्यानंतर तिने घेण्याविषयी एकदाही कुरकुर केली नाही.

अमृतसरच्या सुवर्णमंदिरातला लंगर सर्वांना माहीत आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहिते. दररोज ५० हजारांहून अधिक माणसे तिथे जेवतात आणि सणावारी ही संख्या एक लाखावर जाते. चोवीस तास पंगती चालू असतात. आई तिथे लसूण सोलणाऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली ती दोन तास उठली नाही. भाषा येत नसताना तिच्या तिथे तीन मैत्रिणी झाल्या.

आता थोडी तक्रार, आणि ती प्रवाशांविषयी आहे. फलाटावरच्या त्या चार-सहा मिनिटांत काही जण तीन-तीन भांडी पुढे करतात, शेवटच्या डब्यांपर्यंत बादली पोचेल की नाही याचा विचार करत नाहीत आणि नंतर उरलेले अन्न खिडकीतून रुळांवर टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत एका सुशिक्षित कुटुंबाने अख्ख्या चार पोळ्या बाहेर फेकल्या. ज्यांनी पहाटे उठून कणीक मळली त्यांना हे दिसत नाही, इतकेच त्यातले समाधान. हे अन्न हक्काचे म्हणून मागू नये आणि नको असेल तर हात जोडून तसे सांगावे. त्याचा कुणालाही राग येत नाही.

प्रथमच जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. ताट, वाटी, डबा जे काही असेल ते आपले न्यावे, कारण भांडी तिकडून मिळतील असे धरून चालता येत नाही. कागदी ताटली कढत डाळीखाली टिकत नाही, तेव्हा स्टीलच हवे. वातानुकूलित डब्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे तिथल्या प्रवाशांनी स्थानक येण्याआधी दाराशी यावे, मात्र उतरणाऱ्यांची वाट अडवू नये. गाडीला उशीर झाला तर जेवणही उशिरा मिळते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी आणि लहान मुले बरोबर असलेल्यांनी घरचे काहीतरी जवळ ठेवावेच. आईच्या दशम्या रात्री आम्हाला उपयोगी पडल्या. मनमाड, भुसावळ, भोपाळ अशी मोठी स्थानके वाटेत आहेत, पण प्रत्येक ठिकाणी लंगर असतोच असे नाही, आणि कुठे वाढतात हे डब्यातले नेहमीचे प्रवासी बिनचूक सांगतात.

परत आल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. आपल्याकडे घरी पाहुणा जेवतो तेव्हा वाढणारी बाई त्याच्या तोंडाकडे पाहत असते. पहिला घास गेला, मान हलली, 'छान झालंय' असा शब्द आला की तिचे श्रम फिटतात. फलाटावर मात्र गाडी निघून जाते. वाढणाऱ्याला कुणी जेवताना दिसत नाही, आणि आभाराचा शब्द आला तरी तो इंजिनाच्या भोंग्यात विरून जातो. असे असूनही त्या बाईंच्या चेहऱ्यावर जो उल्हास होता तो मी मंगल कार्यालयातल्या यजमानिणींच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला आहे. त्यांना तो कशातून मिळत असेल, याचा उलगडा व्हावा म्हणून मी संभाजीनगरला बहिणीकडे गेले असताना सेवेसाठी येण्याची परवानगी मागितली. नाव आणि गाव एवढेच विचारले. डोक्यावर ओढणी घ्यायला सांगितली आणि माझ्या हातात भाजीची बादली दिली.

गाडी येईपर्यंत मला माझीच काळजी लागली होती : बादली पेलेल का, कुणाच्या अंगावर सांडेल का, बाई म्हणून कुणी काही बोलेल का. गाडी आली आणि पहिल्या खिडकीतून एकदम पाच हात बाहेर आले. त्यानंतरची पाच मिनिटे मला माझी स्वतःची अशी काही आठवत नाहीत. मला आठवतात ती भांडी. एका म्हाताऱ्याच्या पितळी वाटीची दुमडलेली कड, कुणाच्या तरी शाळेच्या डब्यावर चिकटवलेले नाव, आणि एका बांधकाम मजुराच्या बायकोने काहीच नसल्यामुळे पुढे केलेला पिण्याच्या पाण्याचा तांब्या. तिच्या कडेवर मूल होते. तांब्यात भाजी घालताना ओगराळे आत जाईना, म्हणून मी ते तिरपे करून हळूहळू ओतत होते. तेवढ्यात गाडी हलली, मी दोन पावले बरोबर धावले आणि उरलेली भाजी तिच्या तांब्यात पडली. ती काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आले नाही. गाडी पुढे गेली तेव्हा माझी बादली रिकामी होती, दंड भरून आला होता, आणि कित्येक वर्षांत वाटले नव्हते इतके हलके मला वाटत होते. घरातली माझी एक जुनी चिंता त्या दिवशीही तशीच होती. पण त्या पाच मिनिटांत ती एकदाही माझ्याकडे आली नाही, हे मला बादली खाली ठेवल्यावर लक्षात आले.

त्याच साठीच्या बाई, ज्यांनी आईच्या झाकणात डाळ वाढली होती, त्या दिवशीही तिथे होत्या. त्यांनी मला ओळखले नाही आणि ओळखावे अशी अपेक्षाही नव्हती. आम्ही दोघींनी फलाटावरच्या नळाखाली बादल्या धुतल्या. माझ्या बादलीच्या तळाला चिकटलेले बटाटे त्यांनी नखाने खरवडून काढले, बादली उपडी घातली आणि म्हणाल्या, "उद्या थोडं लवकर या. कांदा चिरायला हात कमी पडतात."