घरात तीन संगणक, फाइल एकच: गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह की सिंकथिंग?

आमच्या कोथरूडच्या घरात तीन संगणक आहेत. हॉलमधला डेस्कटॉप बाबांचा, एक लॅपटॉप माझा, आणि जुना लॅपटॉप लेकीच्या अभ्यासाला. बाबा सोसायटीचे खजिनदार. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी टँकरच्या पावत्या डेस्कटॉपवर भरल्या. मी आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घेतलेल्या फाइलमध्ये मेंटेनन्सचे आकडे भरले आणि ती फाइल परत डेस्कटॉपवर टाकली. 'रिप्लेस करू का?' असं विचारल्यावर 'हो' दाबलं. बाबांच्या अकरा पावत्या गेल्या. त्यांनी काही न बोलता गठ्ठ्याचं रबर सोडलं आणि एकेक पावती चष्म्याजवळ धरून पुन्हा भरायला घेतली. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर पेनड्राइव्ह बंद करून आम्ही सिंकचे, म्हणजे एकच फाइल सगळ्या संगणकांवर आपोआप सारखी ठेवण्याचे मार्ग वापरून पाहिले.

एकाच हिशेबात दोघांचे हात असतील, तर गुगल ड्राइव्ह घ्या. पण फाइल गुगल शीट्समध्येच, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गुगलच्या एक्सेलसारख्या अ‍ॅपमध्येच ठेवा. दोघं एकाच वेळी भरू शकतात, कोणी काय बदललं ते दिसतं, जुनी आवृत्ती परत आणता येते. एक्सेलची फाइल नुसती ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवर उघडली, तर आमच्यासारखा घोळ पुन्हा होऊ शकतो. फुकट जागा १५ जीबी, पण ती जीमेल आणि फोटोंसकट. फोटोंनी ती भरली की मेल येणंही थांबतं, म्हणून त्यावर लक्ष हवं. बाबांच्या जुन्या मराठी नोटिसांनी मात्र अडवलं. त्या युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीत) नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्या आम्ही पीडीएफ करून ठेवल्या. नव्या नोटिसा युनिकोडमध्येच लिहितो.

वनड्राइव्ह विंडोजमध्ये आधीपासूनच असतं, आणि दिवसभर वर्ड-एक्सेलमध्ये असणाऱ्याला तेच सोयीचं. फुकट ५ जीबी. मायक्रोसॉफ्टचं पैसे भरून घ्यायचं फॅमिली सदस्यत्व असेल, तर सहा जणांपर्यंत प्रत्येकाला १ टीबी मिळतं. मग दुसरीकडे बघायची गरजच नाही. सुरुवातीला ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेऊ का विचारतं, तिथे थांबून वाचा. तिन्ही संगणकांवर एकच खातं असेल आणि सगळीकडे 'हो' म्हटलं, तर लेकीच्या प्रोजेक्टची चित्रं बाबांच्या स्क्रीनवर येतात आणि ५ जीबी बघता बघता संपतं. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि एक फोल्डर शेअर केलेला, हीच रीत बरी.

ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात २ जीबी आणि तीनच उपकरणं. तीन संगणक जोडले की फोनला जागा उरत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनी विचार करावा, कारण त्यांच्यासाठी त्याचं अधिकृत अ‍ॅप आहे.

सिंकथिंग वेगळ्या जातीचं आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि फाइल कोणत्याही कंपनीकडे साठत नाही. एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जाते. घरच्या वायफायवर लग्नाचे मोठमोठे व्हिडिओ इंटरनेटचा डेटा न खर्चता उतरतात. अट एकच: दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि बाबांचा डेस्कटॉप बंद पडला, की माझे बदल लॅपटॉपवरच अडकतात. एक फाइल दोन्हीकडे बदलली गेली तर ते दोन प्रती ठेवतं. काही पुसत नाही, पण त्या जुळवायच्या आपल्यालाच. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोयही मुळात बंद असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

यांतलं काहीही घेतलंत तरी सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर पुसलेली फाइल बाकीच्यांवरूनही जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस मिळते, नंतर नाही. म्हणून महिन्याअखेरीस सगळं एका हार्डडिस्कवर उतरवतो आणि ती कपाटात ठेवतो.

आमचं ठरलं ते असं: हिशेब शीट्सवर, व्हिडिओ सिंकथिंगवर. शीट बाबांच्या खात्यावर नाही, सोसायटीसाठी वेगळं खातं काढून त्यावर ठेवली आहे. उद्या खजिनदार बदलला, तर पावत्यांच्या गठ्ठ्याबरोबर पासवर्डही त्याच्या हाती देता येईल.