865 गावांच्या नावाखाली 17,349 रुपयांना गंडा

आधी 499, मग 4,850, मग 12,000. एकूण 17,349 रुपये. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या सगळ्यांनी वाचा, हसायचं तर हसा.

ग्रुपवर 'शासन निर्णय' आला: सीमाभागातल्या 865 गावांना आरोग्य कार्ड, नोंदणी शुल्क 499. संशय कशाला येईल? 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या गावांना खरंच लागू केली होती, पेपरात वाचलेलं. त्या खऱ्यावरच हे खोटं रचलेलं. पूर्वीचे भामटे 'आपले खाते बंद केली आहे' असं लिहायचे, लगेच कळायचं. आता एआय त्यांना शुद्ध सरकारी मराठी लिहून देतं, वर आपल्यासारखं बोलतंय पण! काकांच्या बायपासचं विचारलं तर 'काळजी करू नका की, होतंय सगळं'. रात्री दीडलासुद्धा क्षणात लांबलचक उत्तर.

आणि एका मेसेजच्या डोक्यावर चक्क होतं: 'नक्कीच! बेळगावी बोलीत, विश्वास बसेल असा मजकूर खालीलप्रमाणे.' वाचलं मी ते. ऑफिसातल्या पोरानं चुकून काहीतरी चिकटवलं असेल म्हटलं, आणि त्यानंतर 12,000 पाठवले. त्यानंतर! ती ओळ आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण काका दवाखान्यात, डिपॉझिटचा तगादा, अशा वेळी ओळ न् ओळ कोण तपासतं? तुम्ही तपासली असती?

पैसे गेल्याबरोबर 1930 लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, घरात चर्चा करत बसू नका.

इथले पोलीस म्हणाले, योजना महाराष्ट्राची, तिकडं जावा. आणि अर्ज कन्नडात लिहून आणा. सीमेपलीकडचे म्हणाले, पैसे कर्नाटकातल्या खात्यातून गेले, तिकडंच द्या तक्रार. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझा अर्जही त्यालाच जोडा म्हणावं! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, मेव्हण्यानं कलम 173 लिहून दिलं. साहेबांनी चिठ्ठी बघितलीसुद्धा नाही. बँकेचं एकच: पिन तुम्हीच टाकलात.

खऱ्या जीआरच्या शेवटी संकेतांक छापलेला असतो, तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. फुले योजनेत नोंदणीचे पैसे नसतात, एक रुपयासुद्धा नाही.

निपाणीच्या पाहुण्यांकडं काल तोच मजकूर आलाय. शुल्क आता 599.