मशीन अस्सल, घड्याळ बनावट

ज्याने मला फसवलं त्याने काहीच लपवलं नाही. स्टेशनसमोरच्या कॅफेत बसल्या बसल्या त्याने खिशातून पाना काढला, घड्याळाचं मागचं झाकण फिरवून उघडलं, आतलं लोखंडी धूळझाकण बाजूला ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "निवांत बघा, मला घाई नाही." भिंगातून दिसत होतं ते मशीन शंभर टक्के खरं होतं. जुनी स्विस घड्याळं घेणाऱ्यांनी सावध राहावं ते नेमकं इथेच.

नोकरीमुळे मी स्वित्झर्लंडमध्ये बील शहरात राहतो. ओमेगा ही घड्याळांची कंपनी इथलीच. या गावात घड्याळाचं वेड लागायला फारसं काही करावं लागत नाही. मला हवं होतं ओमेगाचं स्पीडमास्टर, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, तेही साठच्या दशकातलं, १०५.०१२ मॉडेल. १९६९ मध्ये चंद्रावर अंतराळवीर ऑल्ड्रिनच्या हातावर होतं ते याच मॉडेलचं. त्यात ३२१ नावाचं चावीचं मशीन असतं आणि सगळी किंमत त्या तीन आकड्यांची असते. १९६८ मध्ये त्याची जागा ८६१ ने घेतली. खरं सांगायचं तर रोज वापरायला ८६१ काही वाईट नाही, उलट दणकट आहे आणि बनवायला स्वस्त. पण शौकिनांना ३२१ च लागतं, आणि त्याला कारण आहे.

३२१ म्हणजे मुळात लेमानियाचं मशीन. व्हॅले द जू खोऱ्यातल्या लोरियां गावचा हा कारखाना, आणि १९४२ मध्ये आल्बेर पिगे याच्या हातून हे मशीन घडलं. त्याचा जीव आहे कॉलम व्हील या छोट्या पोलादी चाकात. खाली करवतीसारखे दाते, वर उभे खांब. बटण दाबलं की चाक एक दाता पुढे सरकतं. खांबाला टेकलेला लीव्हर दोन खांबांमधल्या फटीत पडतो, दुसरा फटीतून वर चढतो. तेवढ्याने ब्रेक सुटतो, बारीक दात्यांचं एक चाक आडवं सरकून मधल्या चाकाला भिडतं आणि स्टॉपवॉचचा काटा निघतो. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणारं चाक, तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. याच लेमानिया मशीनचा साचा पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीने घेतला, त्याचे भाग आपल्या पद्धतीने हाताने घासून-पुसून चकचकीत केले आणि १९८६ च्या ३९७० मॉडेलमध्ये त्यावर पर्पेच्युअल कॅलेंडर, म्हणजे महिन्याचे कमी-जास्त दिवस आपोआप सांभाळणारं कॅलेंडर, चढवलं. असं मशीन तांबूस मुलाम्यात समोर धडधडताना दिसलं की माणूस डायलकडे, केसकडे बघायचं विसरतो. विकणाऱ्याला हेच हवं असतं.

आता यातली मेख. ३२१ फक्त स्पीडमास्टरमध्ये बसवलेलं नव्हतं. त्याच काळातल्या सीमास्टर आणि द व्हिल या ओमेगाच्याच क्रोनोग्राफमध्येही (स्टॉपवॉचवाल्या घड्याळांत) ते आहे, आणि ती घड्याळं बरीच स्वस्त मिळतात. असं एक घड्याळ घ्यायचं, मशीन काढायचं, नंतरच्या ८६१ वाल्या स्पीडमास्टरची रिकामी केस शोधायची. दोन्ही केस दिसायला जवळपास सारख्या. वर जुन्या नंबरचं मागचं झाकण लावलं की झालं. त्या काळच्या स्पीडमास्टरच्या केसवर स्वतःचा अनुक्रमांक नसतो. नंबर असतो तो मशीनवर, आणि झाकणाच्या आत फक्त मॉडेलचा. त्यामुळे समोरासमोर ताडून बघायला काही उरतच नाही. मशीनचा नंबर कोणत्या सालात बसतो याचे तक्ते सगळ्यांकडे असतात, फसवणाऱ्याकडेही असतात. तो सालाला जुळणारंच मशीन निवडतो.

संशय आला तो रात्री दिवा घालवल्यावर. काटे हिरवे चमकत होते, डायलवरचे ठिपके मात्र मेलेले. त्या काळच्या डायलवर तळाशी 'टी स्विस मेड टी' लिहिलेलं असतं, टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगातला किरणोत्सारी पदार्थ. त्याची ताकद साधारण १२ वर्षांत निम्मी होते. साठच्या दशकातला रंग आज रात्रभर चमकणं शक्यच नाही. काटे बदललेले असणं हा काही गुन्हा नव्हे, सर्व्हिसिंगमध्ये बदलतातच. पण जाहिरातीत लिहिलं होतं, 'एकच मालक, आजवर काहीही बदललेलं नाही.'

त्या वेळी कंपनी शुल्क घेऊन आपल्या दप्तरातला उतारा देत असे. जमिनीचा सातबारा काढतात तसा मशीनच्या नंबरावरून घड्याळाचा मूळ ठावठिकाणा कळायचा. माझ्या उताऱ्यावर स्पष्ट लिहून आलं: सीमास्टर. मग इथल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी घड्याळ पूर्ण खोललं. डायल नव्याने रंगवलेली, बेझल (काचेभोवतीचं कडं) नक्कल, केस नंतरची. मशीनला मात्र त्यांनी मनापासून दाद दिली. मला त्या क्षणी ती दाद नको होती.

यात मी एकटा नाही, आणि तज्ज्ञही सुटलेले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चं एक स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकांहून थोडं जास्त किमतीला गेलं. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

तेव्हा विकणारा झाकण उघडून दाखवायला लागला तर जरूर बघा, पण मशीनच्या नंबराचा फोटो आधी घ्या. तो नंबर मूळ कोणत्या मॉडेलचा, याची खात्री पटेपर्यंत पैसे देऊ नका. फार तर तिऱ्हाइताकडे ठेवा. डायल अंधारात बघा. आणि पावतीवर 'जसं आहे तसं, हमी नाही' एवढंच लिहून देत असेल तर मॉडेल, साल आणि 'सर्व भाग मूळचे' हे शब्द त्याच्याच हाताने लिहून घ्या. स्विस करार कायद्याच्या कलम १९९ नुसार विकणाऱ्याने दोष लबाडीने दडवला असेल तर हमी नाकारणारी अट रद्दबातल ठरते. माझ्याकडे तशी पावती आहे. तिच्यावरचं नाव खोटं निघालं, फोन बंद आहे, आणि तक्रार कँटनच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या, पोलिसांकडे पडून आहे.